हरभरा म्हणजे मुक्काम

"मूग उचल," मी म्हणाले.

"उचलणार नाही," अण्णा म्हणाला.

अण्णाच्या घरी जेवणाच्या टेबलावर स्वित्झर्लंड पसरलं होतं. झेरॉक्सच्या दुकानातून तुकड्यातुकड्यांनी मोठं करून आणलेलं आणि घरीच खळीने चिकटवलेलं. त्यामुळे इटलीची सरहद्द एका जागी अंमळ वर सरकली होती. त्या नकाशावर अण्णाने धान्य मांडलं होतं. हरभरा म्हणजे मुक्काम, मूग म्हणजे गाडी बदलताना थांबून राहायची जागा. आमच्या वडिलांचं मिरजेत धान्याचं दुकान होतं, पुढे ते अण्णाने चालवलं. त्यामुळे आमच्या घरात कुणाला काही समजावून सांगायचं म्हणजे आधी डबा उघडावा लागायचा. भाच्याच्या लग्नाच्या पंगतीसुद्धा तुरीच्या डाळीवर ठरल्या होत्या.

"अरे, प्रत्येक मुगाला दोन तास? तिथं पाच-सहा मिनिटांत पुढची गाडी मिळते. समोरच्या फलाटावर उभी असते. सगळे लोक तसेच जातात."

"सगळ्यांचं सगळ्यांपाशी. मला घाई जमणार नाही."

"मग आपण आल्प्स बघणार कधी? तुझ्या या बेतात आपण नुसते बाकांवर बसणार. आणि हे काय, झेरमाटचा हरभरा कुठं गेला?"

"काढला. तिथं जायला फार मूग लागतात."

मी डोक्याला हात लावला. आयुष्यभर मुलींना कवायत शिकवलेली बाई मी. शिट्टी वाजली की हलायचं, हे माझ्या रक्तात. आणि हा माझा थोरला भाऊ, भूपाल मगदूम, सत्तरीला टेकलेला, एक हात पँटच्या खिशात घालून दुसऱ्या हाताने माझ्या सुट्टीवर धान्य पेरत बसला होता. हात खिशात घालून बसायची ही त्याची नवीनच तऱ्हा होती. मला वाटलं, परदेशी जायचं म्हणून साहेबी सराव चाललाय.

त्रिशलावहिनींनी चहा आणला. मला भरून कप, अण्णाला अर्धा. गेले काही महिने मी हे बघत होते आणि मनातल्या मनात वहिनींना चिक्कू म्हणत होते.

"वन्सं, भांडताय कशाला? तुमचं तुम्ही ठरवा की," वहिनी म्हणाल्या. त्या आमच्याबरोबर येणार नव्हत्या. मी हजारदा म्हटलं होतं, पण त्यांचं उत्तर एकच. "ते कॅलेंडर तुमचं दोघांचं. तुम्ही जावा. मी तेवढ्यात लेकीकडं जाऊन येते." त्यांची चिंता निराळीच होती. आम्ही जैन, दिवस मावळल्यावर वहिनींच्या घरात चूल पेटत नाही. जूनमध्ये तिकडे सूर्य रात्री नऊच्या पुढे मावळतो असं अण्णाने सांगितलं तेव्हा त्या थक्क झाल्या होत्या. "म्हणजे नऊपर्यंत जेवता येतंय? बरा देश आहे की!"

कॅलेंडर म्हणजे बियाणांच्या एका कंपनीचं. आमच्या लहानपणी दुकानाच्या भिंतीचा गिलावा पडला, ते भगदाड झाकायला वडिलांनी ते लावलं. वर्ष संपलं, पण भगदाड होतं तिथंच, म्हणून कॅलेंडरही राहिलं. चित्रात एक लाल आगगाडी. उंच दगडी कमानींच्या पुलावरून ती वळत डोंगराच्या पोटात शिरत असलेली. पुढचा डबा बोगद्यात, मागचे उन्हात. वर्षानुवर्षं आम्ही दोघं पोत्यांवर बसून त्या गाडीत बसलो. कोण खिडकीपाशी यावरून आमची मारामारी व्हायची, आणि वडील खालून म्हणायचे, "आधी चढा तर!"

ती गाडी खरी असते, तो पूलही खरा असतो, हे आम्हाला म्हातारपणी नातवंडांच्या मोबाइलवर कळलं. झुरिकहून एक गाडी कूर नावाच्या गावी जाते, तिथं उतरून लाल गाडी पकडायची, की तासाभराने तो पूल येतो. अण्णाने नकाशात त्या पुलावर एक राजमा ठेवला होता. राजमा कशासाठी, असं मी विचारलं तर म्हणाला, "एवढा मोठा मान दुसऱ्या कशाला देऊ?"

एवढं असून तो गेल्या आठवड्यापासून मागे-मागे सरकत होता. आधी दोन तासांचे मूग आले. मग झेरमाट गेलं. आज म्हणाला, "पदी, आपण झुरिकलाच राहू या का? तिथून मोठी सरोवरं दिसतात म्हणे."

"आणि पूल?"

 तो डाव्या हाताने राजमा उगाच इकडून तिकडे करत राहिला.

मला राग आला. खरं सांगायचं तर भीतीही वाटली. तिकिटं अजून काढायची होती, आणि हा असाच मागे सरत राहिला तर शेवटी आम्ही जयसिंगपूरला जाऊन परत येऊ, असं मला दिसायला लागलं. आमची वयं पुढच्या वर्षावर ढकलायची राहिली नव्हती.

"ऊठ," मी म्हणाले. "चल मिरज जंक्शनवर. पाच मिनिटांत किती होतं ते दाखवते तुला. एक नंबरवरून पूल चढून तीन नंबरवर. सामानासकट. जमलं तर सगळे मूग काढायचे आणि झेरमाट परत ठेवायचं. नाही जमलं तर मी गप्प."

"वेडी झालीस काय!"

"घाबरलास?"

लहानपणापासून या एका शब्दावर तो कुठेही येतो. तसा आला. वहिनी मागून काहीतरी म्हणत होत्या, पण मी ऐकलं नाही.

नव्या ट्रॉलीबॅगा रिकाम्या कशा न्यायच्या, म्हणून त्यांत ज्वारी भरली. प्लॅटफॉर्म तिकिटं काढून आम्ही आत गेलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. एक नंबरवर नुकतीच कुठलीशी गाडी येऊन लागली होती, उतरणाऱ्यांची झुंबड होती. मी म्हटलं, छान, खरीखुरी परीक्षा होईल. मी गळ्यात शिट्टी अडकवूनच आले होते. ती वाजवली तशी शेंगा विकणारी बाई दचकली.

"चल!"

मी पुढे, अण्णा मागे. बॅगेची चाकं खडखडत होती. जिना चढताना मी वळून पाहिलं, तो येत होता. बॅग हमालाकडे दिली होती, लबाड!

"बाई, गाडी कुठली पकडायचीय?" हमालाने धापा टाकत विचारलं.

"कुठलीच नाही."

"मग पळताय कशाला?"

मी उत्तर द्यायला थांबले नाही. पूल ओलांडला, तीन नंबरचा जिना उतरले आणि घड्याळ बघत उभी राहिले. हमाल आला, बॅग टेकवून आपली मजुरी घेऊन गेला. अण्णाचा पत्ता नाही. वेळ निघून चालला तशी मी पुन्हा वर चढले, चांगलं फैलावर घ्यायचं ठरवून.

पुलावरून जिना जिथं खाली वळतो तिथं तो उभा होता. एका हाताने कठडा धरलेला. बाजूने माणसं जात होती, कुणी धक्का देत होतं, कुणी "काका, वाटेतनं सरका की," म्हणत होतं. तो खाली आपल्या बुटांकडे बघत होता.

"अरे, चल ना! हरलास बघ!"

"पदी," तो म्हणाला, "पाय उचलत नाही."

मला वाटलं, वात आला असेल. मी त्याचा दंड धरून ओढलं. तो कमरेतून पुढे झुकला, पण पावलं मात्र जिथल्या तिथं, डांबरात रुतल्यासारखी. आणखी ओढलं असतं तर तोंडावर आपटला असता. त्याच्या कपाळावर घाम आला होता. तेव्हा मी पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि माझी शिट्टी-बिट्टी सगळी विसरले.

गर्दी ओसरली. जरा वेळाने त्याचा पाय आपसूक सुटला. लहान लहान घसटती पावलं टाकत तो खाली आला आणि बाकावर बसला. मी ज्वारीच्या बॅगा जवळ घेऊन त्याच्याशेजारी बसले.

त्याने उजवा हात खिशातून काढून मांडीवर ठेवला. हात आपणहून थरथरत होता. अंगठा आणि बोटं, जणू चिमटीत धान्य घेऊन पारखत असल्यासारखी.

"सांगलीच्या डॉक्टरांनी दिवाळीनंतर सांगितलं," तो म्हणाला. "पार्किन्सन्स. गोळ्या चालू आहेत. एरवी बरा असतो. घाई झाली, कुणी मागून ढकललं, दारातनं आत जायचं झालं की पाय जमिनीला चिकटतो. का ते त्यांनी सांगितलं, मला काही कळलं नाही."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू मला नेलं असतंस?"

 नसतं नेलं. उलट मी आणि भाच्याने मिळून त्याला खुर्चीत बसवलं असतं आणि खिचडी दिली असती.

"म्हणून मूग ठेवले. म्हटलं, दोन तास हातात असले तर घाई नाही, घाई नाही तर पाय अडणार नाही, आणि तुला कळणारही नाही. पण मग घरी दारातसुद्धा अडायला लागला. तिथल्या गाड्या म्हणे मधल्या स्टेशनात उभ्या न उभ्या तोच निघतात. दोन तास बाकावर बसून शेवटी दारातच अडायचं असेल तर मूग ठेवून काय उपयोग?" त्याने हात परत खिशात घातला. "तू जा, पदी. तुझ्या शाळेतल्या बायका आहेत की. मला येऊन पूल कसा होता ते सांग."

मी रडले. मिरज जंक्शनच्या तीन नंबरवर, दोन ट्रॉलीबॅगांमध्ये बसून, पदराने तोंड पुसत. त्याच्यावर चिडलेही. "मला एकटीला काय करायचाय तो पूल? भांडायचं कुणाशी खिडकीवरून?" असंही काहीबाही बोलले. तो नुसता "बरं, बरं," म्हणत राहिला.

शेवटी म्हणाला, "चल, घरी जाऊ. तुझी वहिनी वाट बघत असेल. तिला यातलं काही माहीत नाही. तिला वाटतं मी आळशी झालोय."

तो उठला. एक पाऊल टाकलं, आणि तेवढ्यात मागून सामानाची ढकलगाडी घंटी वाजवत आली. झालं. पाय पुन्हा चिकटला. ढकलगाडीवाला ओरडला. अण्णाने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला सहन झाली नाही.

पुढे मी जे केलं ते विचार करून केलं नाही. आडदांड पोरींची रांग बिघडली की माझ्या तोंडून जे निघायचं तेच निघालं.

"लेझीम! पहिला हात! एक, दोन, तीन, चार!"

सगळा फलाट वळून बघायला लागला. आणि अण्णाने पाय उचलला.

"एक, दोन, तीन, चार!"

दुसरा उचलला. पावलं मघासारखी घसटत नव्हती, चांगली गुडघ्यातून उचललेली, लेझमीत टाकतात तशी. आम्ही ढकलगाडीच्या वाटेतून बाजूला झालो. मी थांबले, तो थांबला. बॅगा ओढत मी पुन्हा आकडे सुरू केले, तो पुन्हा चालला. जिन्यापर्यंत. जिना चढून पुलावर. जिथं मघाशी अडला होता त्या वळणावर मी मुद्दाम आवाज चढवला, तर तो अडलाच नाही.

पुलाच्या मध्यावर तो थांबला आणि हसायला लागला. "अगं, हे तर मीच तुला शिकवलं होतं."

खरं होतं. आमच्या वेळी शाळेत लेझीम फक्त मुलांना. मी घरी येऊन भोकाड पसरलं, तेव्हा अण्णाने मला दुकानाच्या माळ्यावर नेऊन, पोत्यांच्या मधल्या जागेत, एकेक हात शिकवला. आमच्या नाचण्याने फळ्यांतली धूळ खाली गिऱ्हाइकाच्या तराजूत पडायची आणि वडील शिव्या द्यायचे. माझं चुकलं की अण्णा एकच वाक्य म्हणायचा, "पदी, ताल सुटला!" पुढे त्याच लेझमीवर मला नोकरी लागली.

घरी पोचलो तेव्हा वहिनी दारातच उभ्या होत्या. मी आधीच ठरवून टाकलं होतं की यांच्यापासून काही लपवायचं नाही. धीर करून सांगायला सुरुवात केली, तर त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"मला काय कळत नाही होय? दिवाळीपासून चहा अर्धा देते ते कशाला? भरून दिला तर सांडतो, मग त्यांना वाईट वाटतं."

अण्णा बघतच राहिला. "तू बोलली नाहीस?"

"तुम्ही बोललात काय?" वहिनी म्हणाल्या आणि डोळे पुसत आत गेल्या. मी त्यांना चिक्कू म्हणत होते ते आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघंही सांगलीला डॉक्टरांकडे गेलो. ते तरुण होते, पण ऐकून घेणारे होते. ताल धरला की काही पेशंटांचा अडलेला पाय सुटतो, म्हणाले, गाण्याने, टाळीने, मोजण्याने. सगळ्यांचा नाही, आणि कायमचाही नाही. आजार आपल्या वाटेने पुढे जातच राहणार.

"मग जाऊ का नको?" अण्णाने विचारलं.

"जाणार असाल तर यंदाच जा," डॉक्टर म्हणाले.

त्या दिवसापासून रोज सकाळी अण्णाच्या गच्चीवर आमचा आखाडा सुरू झाला. मी खऱ्या लेझमीवर ठेका धरायची, तो त्यावर पावलं टाकायचा. वहिनींनी खडूने गच्चीवर गाडीचा दरवाजा आखला आणि स्वतः मागून ढकलायला उभ्या राहिल्या. "गर्दी पाहिजे ना तुम्हाला? ही घ्या गर्दी!" शेजारच्या बंगल्यातून लोक बघायचे. अण्णाला आधी लाज वाटायची, मग तो त्यांनाच नमस्कार करायला लागला. काही दिवस फार चांगले जायचे. काही दिवस काही केल्या पाय हलायचा नाही, तेव्हा आम्ही तिथंच खाली बसून शेंगा खायचो.

एका संध्याकाळी नकाशा पुन्हा टेबलावर आला. अण्णाने झेरमाटचा हरभरा आपल्या हाताने परत ठेवला, उजव्या हाताने. ठेवता ठेवता तो तीनदा निसटला. मी मदत केली नाही. पूर्वीचे दोन तासांचे मूग त्याने एकेक करून डब्यात टाकले, पण सगळे नाही. काही ठिकाणी तासाभराचे राहू दिले, आणि मीही हुज्जत घातली नाही. कूरपाशी मात्र तो घुटमळला.

"इथं कसं करू या?"

"तू सांग."

"पाच-सहा मिनिटं." त्याने तो मूग उचलला. डब्यात टाकायच्या ऐवजी सदऱ्याच्या खिशात ठेवला. "बघू तिथं जाऊन."

याला आता बरीच वर्षं झाली. अण्णाला हल्ली घरातसुद्धा दोघांनी धरावं लागतं, आणि माझा आवाजही पूर्वीसारखा लागत नाही. पण मी रोज जाते. खोलीतून गच्चीच्या दारापर्यंत आम्ही अजून मोजत जातो, आणि दारात पोचलो की तो दर वेळी विचारतो, "कूर आलं काय?" मी म्हणते, आलं. कारण ते आलं होतं.

जूनमधली सकाळ होती. झुरिकची गाडी कूरला लागली आणि दारं उघडली. गर्दी अशी नव्हती, पण सगळी माणसं झपझप चालत होती, आणि झपझप चालणारी माणसंच अण्णाला घातक. जिना उतरून, भुयारातून, पुन्हा जिना चढून लाल गाडीच्या फलाटावर जायचं होतं. मी त्याच्या मागे राहिले. दोन्ही बॅगा माझ्याकडे.

"लेझीम! पहिला हात!"

पुढे चाललेली एक गोरी म्हातारी दचकून बाजूला झाली. अण्णाने पाऊल उचललं. एक, दोन, तीन, चार. भुयारात माझा आवाज घुमत होता. लोक वाट देत होते, कुणी हसत होतं, हसू देत. जिन्याच्या तोंडाशी तो क्षणभर थबकला, मी आकडा पुन्हा धरला, आणि तो चढला.

वर ती उभी होती. लाल. अगदी कॅलेंडरमधली.

मी बघतच राहिले. आकडे तोंडातच राहिले, बॅगेचं चाक जिन्याच्या कडेला अडकलं, आणि गार्डने हात वर केला. मी किंचाळणार, तेवढ्यात पाहिलं तर अण्णा दाराशी पोचला होता. माझ्या आकड्यांवाचून. त्याचे ओठ हलत होते. तो न अडता आत चढला, दांडी धरून वळला आणि अख्ख्या स्टेशनाला ऐकू जाईल असा ओरडला,

"पदी! ताल सुटला! एक, दोन, तीन, चार!"

मी त्याच्या आकड्यांवर धावले. दार मिटलं तेव्हा आम्ही दोघंही आत होतो.

खिडकीपाशी तो बसला. मी भांडले नाही, आणि ते बघून त्यानेच मला खिडकी दिली. मग धाप ओसरल्यावर त्याने खिशात दोन बोटं घालून थरथरत्या चिमटीत तो मूग बाहेर काढला आणि माझ्यापुढे धरला.

"उचलला बघ," म्हणाला, आणि तोंडात टाकून कडकन चावला.

गाडी डोंगराकडे वळायला लागली होती. पूल यायला अजून तासभर होता.